रस्ता कोणासाठी आखला जातो? वस्तीतल्या तरुणांनी नकाशा हातात का घ्यावा

वस्तीतल्या गल्लीत काँक्रीट पडले की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. वर नेत्यांचे फोटो, मध्ये नगरसेवकाचा मोठा फोटो, खाली मंडळाच्या पोरांची नावे आणि कुठेतरी 'कार्यसम्राट' हा शब्द. जनतेच्या करातून झालेल्या कामाबद्दल जनतेनेच आभार मानायचे, अशी ही पद्धत. काँक्रीटची जाडी किती, उतार कोणत्या बाजूला दिला, पावसाचे पाणी कुठे जाणार, हे प्रश्न त्या फ्लेक्ससमोर उभे राहून कोणी विचारत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. रस्ता, पदपथ, चौक, मैदान, दिवे आणि शौचालय यांचा आराखडा हा अभियंता आणि वास्तुविशारद यांचा खासगी विषय नाही. सार्वजनिक पैसा शहरातल्या कोणत्या भागात आणि कोणाच्या सोयीसाठी खर्च करायचा, याचा तो निर्णय असतो. शिक्षण, आरक्षण आणि अत्याचारविरोधी लढा यांच्याइतक्याच गांभीर्याने आंबेडकरी तरुणांनी हा विषय घेतला पाहिजे. तो नवा नाही. आपल्या चळवळीचा पाया ज्या लढ्यांनी घातला, त्यांतले काही लढे सार्वजनिक जागेचेच होते.

रस्ता आणि जात

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने रस्त्यावरून कसे चालायचे याचे नियम होते. कमरेला झाडू, म्हणजे चाललेल्या वाटेवरची पावले पुसली जावीत. गळ्यात मडके, म्हणजे थुंकी जमिनीवर पडू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याची नोंद केली आहे. म्हणजे या शहरात रस्ता हा कधीच निव्वळ माती-दगडाचा विषय नव्हता. त्यावर कोणाची पावले राहतील आणि कोणाची पुसली जातील, हे ठरलेले होते.

त्याच पुण्यात १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अशा जागा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नव्हते. ठराव कागदावर होता, तळे जागेवर होते, पण मधला रस्ता बंद होता. तो बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चालून उघडला.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांच्या सोबत 'रस्ते' हाही शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या सार्वजनिक जागांच्या वापरात जात, धर्म, लिंग यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. ज्या समाजाच्या पावलांवर झाडू बांधला होता, त्याच समाजातला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे लक्षात ठेवून हे कलम वाचावे.

आज झाडू बांधायला कोणी सांगत नाही. आज काम वेगळ्या पद्धतीने होते. शहराच्या एका भागात तीन मीटर रुंद पदपथ, झाडांभोवती ओटे, सायकलमार्ग आणि मंद दिवे. दुसऱ्या भागात गटाराच्या झाकणावरून चालणारी शाळकरी मुलगी. दोन्हीकडे महापालिका एकच.

'सुधारणा' या शब्दाचा इतिहास

शहरसुधारणेची भाषा आपल्याकडे प्लेगबरोबर आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळण्यासाठी रुंद रस्ते काढायचे, हे त्याचे काम. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते या ट्रस्टचे. रस्ते रुंद झाले, पण सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी बांधली गेली नाहीत. उठवलेले गरीब शेजारच्या चाळींत कोंबले गेले आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. लहानशी खोली, मजल्यावर सामाईक नळ आणि शौचालय. महाडच्या लढ्याच्या काळातही त्यांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. शहरसुधारणा गरिबाच्या वाट्याला काय टाकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आमच्यातल्या ज्यांनी समाजशास्त्रात एम. ए. केले, त्यांना आणखी एक नाव आठवेल. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक होते पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. भारतातल्या कितीतरी शहरांत ते गल्लीगल्लीतून पायी फिरले. सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढण्याला त्यांचा विरोध होता. आधी नीट पाहा, मोजा, मोडकळीला आलेले एखादे घर काढून मोकळी जागा करा, विहीर दुरुस्त करा, झाड लावा, पण वस्ती उठवू नका, असे त्यांचे सांगणे. खर्चही कमी आणि माणसेही जागेवर. आजच्या कोणत्याही महापालिका आयुक्ताने हे वाचावे.

पण गेडिस यांची मर्यादाही इथेच दिसते. १९१७ च्या सुमारास इंदूरमध्ये प्लेग असताना त्यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढली. ज्या भागातली घरे जास्त स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाणार, असे जाहीर केले. मिरवणुकीत सफाई कामगारांना शुभ्र कपडे, नवे झाडू आणि हार घालून मानाने चालवले. लोकांनी शहर झाडून काढले. कल्पना देखणी होती आणि हेतूही चांगला होता. पण मिरवणूक संपल्यावर झाडू कोणाच्या हातात राहिला? झाडूला हार घातला आणि हात तेच ठेवले. शंभर वर्षांनंतरही 'स्वच्छ शहर' स्पर्धांत नेमके हेच चालते. बक्षीस शहराला मिळते, फोटो आयुक्तांचा निघतो, आणि ठेकेदाराकडचा सफाई कामगार हातमोज्यांशिवाय कचरा उचलतो.

पुण्याचे उदाहरण

स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपले. १०० शहरे निवडली गेली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुण्याचा क्रमांक भुवनेश्वरनंतर दुसरा होता. अभियानाचा नियम असा होता, की प्रत्येक शहराने एक भाग निवडायचा आणि तो 'आदर्श' करून दाखवायचा. देशभरात प्रस्तावित खर्चाचा बहुतांश वाटा अशा निवडक भागांसाठी होता.

पुण्याने कोणता भाग निवडला? औंध-बाणेर-बालेवाडी. कासेवाडी नाही, लोहियानगर नाही, ताडीवाला रोड नाही, पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत नाही. आयटी कंपन्या जवळ, जमिनीचे भाव चढे, मोठ्या सोसायट्या, असा भाग आधी निवडला गेला. हा कारभार चालवायला वेगळी कंपनी काढली गेली, म्हणजे निर्णय सभागृहाऐवजी संचालक मंडळात. नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या, असे उत्तर मिळते. मागवल्या असतीलही. पण ऑनलाइन अर्ज भरायला कोणाकडे वेळ होता आणि पहाटे चारला पाण्यासाठी उठून सहाला धुणीभांडी करायला कोण निघाले होते, याचा हिशेब कोणत्या तक्त्यात आला?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. औंधमध्ये जे रुंद पदपथ झाले, जंगली महाराज रस्त्यावर जे काम झाले, ते वाईट नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि पादचारी धोरणही केले. मोटारीची जागा कमी करून चालणाऱ्याला जागा द्यावी, हे तत्त्व योग्यच आहे. औंधच्या त्या पदपथावरून घरकामाला जाणारी बाई, सुरक्षारक्षक आणि डिलिव्हरीवाला पोरगाही चालतो. औंधमध्येही वस्त्या आहेत. म्हणून आमची मागणी चांगला रस्ता बंद करा अशी नाही. तो सगळ्यात आधी कोणाला हवा होता, हा आमचा प्रश्न आहे. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांच्या दारात आदर्श पदपथ, आणि ज्यांच्याकडे पायांशिवाय वाहन नाही त्यांच्या दारात खड्डा, हा प्राधान्यक्रम तांत्रिक असूच शकत नाही.

'हे वरच्यांचे खूळ आहे' असे म्हणणाऱ्यांना

आपल्याच चळवळीतले काही साथी म्हणतात, की पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, अत्याचार थांबत नाहीत, अशा वेळी पदपथाची रुंदी काय घेऊन बसलात?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. पायी कोण चालतो? बस थांब्यापर्यंत जाणारा कामगार, शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात निघालेला म्हातारा. गरिबाच्या पायाखाली पदपथ नसणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तुमच्या वस्तीबाहेरच्या रस्त्यावर टेप लावून पाहा, १.८ मीटर सलग किती पावले मिळतात.

दुसरे असे, की बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहराकडे जायला सांगितले, त्यामागे विचार होता. गावात वेस आणि वेशीबाहेरचा वाडा यांतून जात नकाशावरच काढलेली असते. शहराच्या गर्दीच्या रस्त्यावर शेजारून चालणाऱ्याची जात विचारली जात नाही. म्हणून शहराचा रस्ता, बाग, बस आणि ग्रंथालय या जागा आपल्यासाठी सगळ्यांत जास्त मोलाच्या. कुंपण घातलेल्या सोसायट्या, तिकीट लावलेल्या बागा आणि गाडीशिवाय पोहोचता न येणारे मॉल वाढत गेले, तर शहरातही वेस तयार होते. फक्त तिला 'गेटेड' असे नवे नाव असते.

वस्तीच्या रस्त्याला काय हवे

नुसता 'चांगला रस्ता द्या' असा अर्ज केला की काँक्रीटचा थर मिळतो. म्हणून मागणी नेमकी हवी. वस्त्यांत काम करताना आम्हाला ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे मांडतो.

पहिली गोष्ट पातळीची. दलित वस्ती सुधारणेचा निधी येतो आणि जुने काँक्रीट न उखडता त्यावरच नवा थर ओतला जातो. दर काही वर्षांनी गल्ली वर चढते आणि घराचा उंबरा खाली जातो. मग पहिल्याच मोठ्या पावसात गल्लीचे पाणी चुलीपर्यंत येते. लोक उंबऱ्यावर विटांचा बांध घालतात. कागदावर ही 'सुधारणा' असते. म्हणून मागणी अशी हवी: आधी जुना थर काढा, घरांच्या जोत्याची पातळी मोजा, उतार दाखवा, मगच काम सुरू करा.

दुसरी गोष्ट गटाराची. गल्लीत सक्शन यंत्र शिरू शकत नसेल आणि चेंबरची झाकणे चुकीच्या जागी असतील, तर चोकअप झाल्यावर माणूसच उतरवला जातो. तो माणूस कोणत्या समाजाचा असतो हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने हे बेकायदा ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पण मरणानंतरच्या भरपाईपेक्षा आराखड्याच्या वेळी विचारलेला प्रश्न मोलाचा: हे गटार माणूस न उतरवता साफ होईल का? यंत्र कुठून येणार? पाइप कुठवर पोहोचेल? ज्या आराखड्यात याचे उत्तर नाही, त्याला मंजुरी मिळू नये.

तिसरी गोष्ट पथारीची. पदपथ सुधारला की पहिला हातोडा पथारीवाल्यावर पडतो. चालणारा आणि विकणारा यांना एकमेकांसमोर उभे केले जाते, आणि पदपथावर चढलेल्या मोटारी मात्र तशाच राहतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला उठवता येत नाही. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. चांगल्या आराखड्यात चालण्याचा पट्टा वेगळा असतो, आणि झाडे, दिव्याचे खांब, बाक व पथारी यांचा पट्टा वेगळा. रात्री दहा वाजता अंडाभुर्जीची गाडी आणि भाजीवालीचा दिवा रस्त्यावर असतो, म्हणूनच क्लासवरून परतणाऱ्या मुलीला तो रस्ता सुरक्षित वाटतो, हेही लक्षात घ्या.

चौथी गोष्ट कचरावेचकांची. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, २००८ पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बाया तो वेगळा कुठे करतात? बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला, उन्हात, उकिडवे बसून. शहराचा कचरा त्यांच्याशिवाय हलत नाही. पण रस्त्याच्या चकचकीत चित्रात कॅफेच्या खुर्च्या असतात, वर्गीकरणाची शेड नसते. प्रत्येक प्रभागाच्या आराखड्यात छप्पर, पाणी, शौचालय आणि कपडे बदलायची खोली असलेली अशी शेड हवी. आरोग्य कोठीवर हजेरी लावणाऱ्या सफाई कामगारांनाही तीच सोय हवी.

पाचवी गोष्ट बसण्याची आणि शिकण्याची. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे राहतात, तेव्हा गल्ली हेच त्यांचे अंगण, पोरांचे मैदान आणि म्हाताऱ्यांचा ओटा असतो. तिथे दोन बाक, सावलीचे एक झाड, एक दिवा आणि जवळ अभ्यासिका हवी. शौचालय बायकांना रात्री एकट्याने जाता येईल अशा जागी आणि अशा उजेडात हवे. या गोष्टींना कोटी रुपये लागत नाहीत, तिथे राहणाऱ्यांना विचारावे लागते.

हे होऊ शकते

कोणी म्हणेल, दाट वस्तीत असले काही जमत नाही. पुण्यातच जमले आहे. येरवड्यातल्या काही वस्त्यांत केंद्राच्या नागरी गरीब योजनेखाली घरे जागेवरच बांधली गेली. पक्की घरे तशीच ठेवली, कच्च्या घरांच्या जागी नवी. वास्तुविशारद घरोघर गेले, महिला मिलनच्या बायकांनी बैठका घेतल्या, आणि प्रत्येक कुटुंबाशी बोलून साधारण २७० चौरस फुटांच्या घराचा नकाशा ठरला. गल्ल्यांचे जाळे आणि शेजार टिकला. कुणाला चौदाव्या मजल्यावर चढवून पाठवले नाही. अडचणी आल्या, कामे रेंगाळली, पण वस्ती न उठवता सुधारता येते हे सिद्ध झाले. मग तोच मार्ग पुढे सगळीकडे का नेला नाही? कारण जागेवर सुधारलेल्या वस्तीतून बिल्डरला विकायला मजले उरत नाहीत.

बाहेरचे एक उदाहरण घ्या. कोलंबिया देशातले मेडेलिन हे शहर एकेकाळी खुनांसाठी ओळखले जाई. गरिबांच्या वस्त्या डोंगरउतारावर, अगदी आपल्या जनता वसाहतीसारख्या. तिथल्या महापालिकेने २००४ मध्ये डोंगरावरच्या वस्तीला मेट्रोशी जोडणारा रोपवे सुरू केला. पुढे त्या वस्त्यांत ग्रंथालये आणि उद्याने उभारली. २०११ मध्ये 'कोमुना १३' या वस्तीत उघड्यावर सरकते जिने बसवले, जे आपण फक्त मॉलमध्ये पाहतो. सगळ्यात गरीब भागात सगळ्यात चांगले काम, असे तिथले धोरण होते. तिथेही सगळे गोड नाही. एका गाजलेल्या ग्रंथालयाची इमारत बांधकामातल्या दोषांमुळे काही वर्षांत बंद करावी लागली. पण प्राधान्यक्रम उलटा करता येतो, हे त्या शहराने दाखवले. जनता वसाहतीतली गरोदर बाई आजही पायऱ्या चढून घरी जाते.

आराखडा टेबलावर असताना

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो लोक जमले. सुशोभीकरणाच्या प्रकल्पात तिथे भूमिगत वाहनतळ होत होते आणि त्यामुळे स्तूपाला धोका होईल अशी लोकांची भीती होती. लोकांनी काम बंद पाडले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. आपल्या जागेचा आराखडा आपल्याला न विचारता झाला की काय होते, हे सरकारला कळले. पण आपल्यालाही एक गोष्ट कळली पाहिजे. खड्डा खणल्यावर जी ताकद लागते, तिच्या दहाव्या हिश्शात आराखडा टेबलावर असताना काम होते. मात्र त्यासाठी तो वाचणारी माणसे आपल्याकडे हवीत.

मार्ग आहेत. शहराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तुमच्या वस्तीवर त्यात कोणता रंग आहे, कोणते आरक्षण आहे, मैदान दाखवले आहे की रस्ता रुंदीकरण, ते तपासा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत आहे. पाच लाखांपर्यंतचे काम साधा अर्ज भरून सुचवता येते. सोसायट्या दरवर्षी अर्ज भरतात, मग आपली मंडळे का भरत नाहीत? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि वस्ती सुधारणा ही महापालिकांची कामे म्हणून घटनेत लिहिली आणि प्रभाग समित्या दिल्या. मार्च २०२२ नंतर पुण्याचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा आपण यावर किती मोर्चे काढले, याचाही विचार करावा.

कामाची सुरुवात सोपी आहे. पाच-सहा पोरांनी एक टेप, एक वही आणि मोबाइल घ्यावा. गल्लीची रुंदी, जोत्यांची पातळी, बंद दिवे, फुटलेली झाकणे, पाणी तुंबण्याच्या जागा, शौचालयांची आसने आणि पथारीवाले यांची नोंद करावी. बायकांना वेगळे बसवून विचारावे, कारण चारचौघांत पुरुष बोलतात आणि रात्रीच्या अंधाराची गोष्ट राहून जाते. हा आपला नकाशा विहारात लावावा, रविवारच्या वंदनेनंतर त्यावर बोलावे, मग तो अर्जाला जोडून क्षेत्रीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. पुढे काय झाले ते माहिती अधिकारात विचारावे. स्थापत्य, वास्तुशास्त्र आणि नगररचना शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना यात ओढावे. आरक्षणाने मिळालेली पदवी वस्तीच्या कामाला येण्याची ही चांगली जागा आहे.

एक सावधगिरीही हवी. आपल्याला गप्प बसवण्याचा सोपा मार्ग प्रस्थापितांना माहीत आहे. चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती निळे दिवे, ग्रॅनाइट आणि कारंजे लावायचे आणि मागच्या गल्लीतले गटार तसेच ठेवायचे. पुतळा आपल्या अस्मितेचा आहे आणि तो नीट राखलाच पाहिजे. पण चौकातल्या कारंज्याला पाणी आहे आणि मागच्या नळाला नाही, तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन आपल्यालाच फसवले जात असते.

अशा वेळी जोतिरावांना आठवावे. ते १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी शहराच्या पैशातून हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. ३२ सदस्यांत विरोधात मत देणारे ते एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या मंडईवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. नाव दिले की काम संपते, असे ज्यांना वाटते त्यांची ही जुनी सवय आहे.

आपल्याला नावाइतकेच ते मत हवे आहे. एकटे पडलो तरी अंदाजपत्रक उघडून हा रुपया कोणासाठी, असे विचारण्याची सवय हवी. महाडच्या तळ्याचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता, तो लोक चालून गेले तेव्हा खरा झाला. अनुच्छेद १५(२) मधला 'रस्ते' हा शब्दही तसाच खरा करावा लागेल. या पावसाळ्याआधी आपापल्या गल्लीत टेप घेऊन उतरा.

जय भीम.